केडगावातली हिरवी डिक्शनरी

मी एक डिक्शनरी. रशियनमधून इंग्रजीत नेणारी, तळहाताएवढी, हिरव्या रेक्झिनच्या कव्हरची. माझा मुक्काम केडगावात, रंभाजी साळवे यांच्या घरी.

माझ्या स्वभावाबद्दल आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणाला नवल वाटायला नको. मी फार जळकी आहे. पुस्तकांच्या जातीला हे शोभत नाही, कबूल. माझ्या पोटात नऊ हजार शब्द आहेत. त्यात मत्सरालाही एक शब्द आहे, 'रेव्नस्त'. बाकीचे शब्द मी नुसते बाळगले, हा मी भोगला.

माझा जन्म मॉस्कोतला. कागद पातळ, अक्षर बारीक, शिवण घट्ट. छापखान्यातून बाहेर पडल्यावर आम्हा बहिणींना खोक्यात भरलं, खोकी जहाजात चढली आणि मुंबईला उतरली. पुढं माझी रवानगी एका निळ्या गाडीत झाली. ती गाडी म्हणजे पुस्तकांचं फिरतं दुकान. गावोगाव जायचं, चौकात थांबायचं, बाजूची फळी उघडली की प्रदर्शन सुरू. माझ्या एका बाजूला बुद्धिबळाचं पुस्तक होतं आणि दुसऱ्या बाजूला लहान मुलांची गुळगुळीत, रंगीत चित्रांची पुस्तकं. लोक यायचे, चित्रांवरून हात फिरवायचे, दोन-तीन घेऊन जायचे. मला कुणी उचलून बघायचंही नाही. माझ्या पोटात जळायला बहुधा तिथूनच सुरुवात झाली.

१९९० च्या डिसेंबरात ती गाडी नगरला माळीवाड्याजवळ उभी होती. संध्याकाळी खाकी कपड्यातला एक माणूस सायकल टेकवून वर चढला. वय पन्नाशीच्या पुढं, हाताला ग्रीसचा वास.

"रशियन शिकायचं कायतरी हाय का?" त्यानं विचारलं.

"कुणासाठी पाहिजे? मुलासाठी?"

"मुलाला येतंय. मला पायजे."

विक्रेत्यानं मला काढून त्याच्या हातात दिलं. त्यानं आधी दोन्ही हात पँटला पुसले, मगच मला उघडलं. आणि पहिल्या पानावरची अक्षरं हळूहळू, पण बरोबर वाचली. मी चकित झाले. नंतर समजलं, रंभाजी लष्कराच्या गाड्या दुरुस्त होतात त्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. सुट्या भागांच्या खोक्यांवर रशियन अक्षरं असायची. वीस वर्षं ती खोकी फोडून फोडून त्यांना अक्षरओळख झाली होती. अर्थ मात्र एकाही शब्दाचा ठाऊक नव्हता.

अर्थाची गरज त्या महिन्यात पडली. त्यांचा मुलगा संदीप सरकारी शिष्यवृत्तीवर इंजिनिअरिंग शिकायला रशियात गेला होता, वोरोनेझ नावाच्या शहरात. तीन वर्षं झाली होती. त्याचं पत्र आलं, सोबत एक फोटो. फोटोत संदीप, आणि त्याच्या शेजारी पिवळ्या केसांची, टपोऱ्या डोळ्यांची नीना. लग्न करून मोकळा झाला होता. संदीपची आई भागिरथीबाई दोन दिवस रडल्या. लग्नाबद्दल त्यांची तक्रार नव्हती. त्यांचं म्हणणं वेगळं होतं.

"सून आली, आन तिच्याशी बोलायचं कसं? मुक्यावानी बघत बसायचं व्हय?"

तिसऱ्या दिवशी रंभाजींनी मला घरी आणलं.

ते दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले. रोज पहाटे चहा झाला की ते ओट्यावर पोतं अंथरून बसायचे. मी मांडीवर, हातात शिसपेन्सिल. एक शब्द वाचायचा, त्याचं इंग्रजी बघायचं, मग समासात बारीक अक्षरात त्याचा उच्चार आणि मराठी अर्थ लिहायचा. इंग्रजी त्यांचं मॅट्रिकपर्यंतचं, तेही जुनं. अडलं की वर्कशॉपातल्या साहेबांना विचारून यायचे. 'ख्लेब' या शब्दापुढं त्यांनी आधी 'पाव' लिहिलं, मग खोडून 'भाकर' लिहिलं. 'सून', 'नात', 'कालवण', 'उंबरा' असे शब्द माझ्या अंगावर उमटत गेले. छापखान्यानं मला दोन भाषा दिल्या होत्या. तिसरी रंभाजींनी दिली. जगातल्या माझ्या हजारो बहिणींमध्ये एकीकडंही ती नव्हती, आणि मला त्याचा गर्व होता.

भागिरथीबाईंना मात्र माझा राग यायचा. दाण्याचा कूट करता करता त्या म्हणायच्या, "उठलं की तिला घेऊन बसायचं. माझ्यासंगं इतकं बोलला आसता तर मीच रशियन झाले आसते."

रंभाजी हसायचे. मीसुद्धा मनातून हसायचे. तेव्हा मी जिंकणाऱ्या बाजूला होते.

मग तो देश फुटला. पेपरात रोज बातम्या यायच्या आणि संदीपचं पत्र येईना. पाच महिने गेले. त्याआधी एवढंच समजलं होतं की नीनाला मुलगी झाली, नाव अन्या ठेवलं. भागिरथीबाईंनी आपल्या मऊ झालेल्या लुगड्यांची एक गोधडी शिवली, तिच्या एका कोपऱ्यात बारीक टाक्यांनी पिंपळपान काढलं आणि पार्सल करून पाठवली. पोहोचली की नाही, पत्ता नाही.

१९९२ च्या उन्हाळ्यात एकदाचं पत्र आलं. संदीपचं नव्हतं, नीनाचं होतं. अख्खं रशियनमध्ये, अर्धं पान. रंभाजींनी हातपाय धुतले, मला घेतलं आणि एकेक शब्द लावू लागले. भागिरथीबाई समोर बसल्या. गोधडी मिळाली, हे लागलं. सगळे बरे आहेत, हे लागलं. शेवटच्या ओळीत एक शब्द होता, 'स्कुचायेम'. त्यांनी माझं पान उलटलं. 'स्कुचात्'. माझ्या पोटात त्याचा एकच अर्थ छापला होता, तो म्हणजे कंटाळा येणे.

रंभाजींनी मला मिटलं.

"काय लिव्हलंय?" भागिरथीबाईंनी विचारलं.

"काय न्हाई, बरे हायेत म्हनती."

"शेवटची ओळ सांगा. तुमचं तोंड उतरलंय."

त्यांना खोटं बोलता यायचं नाही. "लिव्हलंय, आमाला तुमचा लई कंटाळा आलाय."

भागिरथीबाईंनी पत्र त्यांच्या हातातून घेतलं. "आजून तोंड सुदिक पाह्यलं न्हाई एकमेकीचं," त्या म्हणाल्या, "आन एवढ्यात कंटाळा? गोधडी जुन्याची हुती म्हनून आसंल." आणि उठून चुलीकडं गेल्या.

त्या घरातून चार महिने पत्र गेलं नाही. भागिरथीबाईंनी फोटो भिंतीवरून काढून पेटीत ठेवला. मी फळीवर होते. मला कुठं ठाऊक होतं की त्या शब्दाला दुसराही अर्थ आहे? छापणाऱ्यांनी जागा वाचवायला तो गाळला होता.

दिवाळीच्या आधी संदीपचं पत्र आलं. मराठीत होतं, रंभाजींनी मोठ्यानं वाचलं. "आई, तू रागावलीस का? अन्या तुझ्या गोधडीशिवाय झोपत नाही. नीनानं एवढ्या हौसेनं लिहिलं होतं की आम्हाला तुमची फार आठवण येते. उत्तर का नाही? ती रोज पोस्टाची पेटी बघते."

रंभाजींनी मला ओढून काढलं. पान उघडलं, बोट ठेवलं, मान हलवली आणि मला फळीवर आपटलं. इतक्या दिवसांत त्यांनी मला कधी असं टाकलं नव्हतं. थोड्या वेळानं परत आले, लाल पेनानं त्या शब्दापुढं लिहिलं, 'आठवण येणे'. पेन इतकं दाबलं की मागच्या पानावर वण उठला.

आणि मग बायकोला म्हणाले, "तिची तरी काय चूक. ल्हान हाय ती. आता मोठी पायजे."

मोठी. माझ्या दुखण्याचं मूळ त्या एका शब्दात आहे.

त्या दिवसापासून माझा मालक माझी सवत शोधायला लागला. आणि मला खिशात घालून शोधायला लागला, हे विशेष. एका रविवारी आम्ही एसटीनं पुण्याला गेलो. परदेशी भाषांची पुस्तकं मिळतात असं एक दुकान कुणीतरी सांगितलं होतं. एका बोळात जिना चढून वर. दुकानदार चष्मेवाला, बोलायला गोड.

"रशियन?" तो म्हणाला. "काका, रशियन यायचं बंदच झालं. देशच राहिला नाही तो. हे बघा, या रॅकवर सगळी रशियन होती. आता कॉम्प्युटरची ठेवलीत. तुम्ही जर्मन का नाही शिकत? हल्ली सगळे जर्मन शिकतात."

"माझी सून जर्मन न्हाई," रंभाजी म्हणाले.

त्यांनी मला खिशातून काढलं. दुकानदारानं मला हातात घेऊन चाळलं, समासातलं मराठी वाचलं. "हे तुम्ही लिहिलंत? ही जपा बरं का. अशी आता मिळायची नाही."

परत येताना मी खिशात इतकी फुगले होते की शिवण उसवेल की काय असं वाटलं. रंभाजी खिडकीतून बाहेर बघत होते, मोठं दुःख झाल्यासारखे. मला त्यांचं वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं. खोटं कशाला सांगू?

त्यांनी मुंबईच्या दोन दुकानांना पत्रं लिहिली. एकानं 'माल शिल्लक नाही' असं कार्ड पाठवलं. दुसऱ्याचं पाकीट 'दुकान बंद' असा शेरा घेऊन परत आलं. प्रत्येक नकारानं मला एक वर्ष आयुष्य वाढल्यासारखं वाटायचं.

दुसरी वैरीण मात्र आपल्या पायांनी चालत आली. १९९४ साली संदीपनं एक कॅसेट पाठवली. रंभाजींनी टेपरेकॉर्डर आणला, बटण दाबलं, आणि नीनाचा आवाज घरात आला, "जयभीम, आई. जयभीम, बाबा." भागिरथीबाईंच्या हातातलं ताट निसटलं. मग अन्याचा आवाज. तीन वर्षांची पोर, आईनं विचारायचं आणि तिनं सांगायचं. तुझं आवडतं काय? "मलाको!"

रंभाजींनी मला उघडलं. त्यांनी माझ्यात दुधापुढं 'मोलोको' लिहिलं होतं, कारण माझ्यात तसंच छापलंय. पोर तर 'मलाको' म्हणत होती. त्यांनी खोडलं. मग आणखी दहा शब्द खोडले, मग वीस. माझ्या अंगावर नुसती खाडाखोड आणि दुरुस्त्या. मला आवाज नव्हता, तिला होता. एवढीशी प्लास्टिकची डबी, पण सगळं घर तिच्याभोवती बसायचं. भागिरथीबाईसुद्धा! भाकरी थापताना त्या ती लावायच्या. शेवटी नीना हळू आवाजात सांगायची: पापा स्कुचायेत, मामा स्कुचायेत, अन्या स्कुचायेत. भागिरथीबाई त्या ठेक्यावर भाकरी फिरवायच्या.

पुढच्या वर्षी रंभाजी निवृत्त झाले आणि त्यांनी जाहीर केलं की आपण वोरोनेझला जाणार. पासपोर्टाचा अर्ज भरला, संदीपनं तिकडून कागद पाठवले. रंभाजींनी दोनशे पानी वही आणली. पहिल्या पानावर मथळा घातला, 'पाहण्याची ठिकाणं'. खाली तीन पत्ते. तीनही पुस्तकांच्या दुकानांचे. दोन मॉस्कोतले, एक वोरोनेझचा, नीनानं चौकशी करून कळवलेले.

भागिरथीबाईंनी वही वाचली. साक्षरतेच्या वर्गात जाऊन त्या नुकत्याच वाचायला शिकल्या होत्या. "लोकं परदेशी जाऊन राजवाडे बघत्यात, बर्फ बघत्यात," त्या म्हणाल्या. "तुमी दुकानं बघनार?"

"मोठी डिक्शनरी एकदा हातात आली की नातीचा एक शब्द सुटायचा न्हाई."

"आन माझा अर्ज कवा भरायचा?"

रंभाजींनी वहीतून मान वर काढली. त्यांच्या ते मनातही आलं नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर सरळ दिसत होतं.

"अगं, तू येऊन काय करशील? तुला भाषा कुठं येती?"

तो वाईट माणूस नव्हता. सहज बोलून गेला. पण मी फळीवरून भागिरथीबाईंचा चेहरा पाहिला आणि ओळखला. मला चेहरा असता तर त्या सगळ्या दिवसांत तो तसाच दिसला असता.

त्यांनी नवऱ्यासाठी शेंगदाण्याची चटणी कुटली, लोकरीचा स्वेटर आणला, नातीसाठी परकर-पोलकं शिवलं.

मी वाट बघत होते. मी जाणार, याबद्दल मला शंका नव्हती. माझं माहेर ते. १९९६ चा मे महिना. पिशवी भरून झाली. रंभाजींनी मला उचललं, उघडलं, आणि मधली चार पानं त्यांच्या हातात आली. शिवण खरंच उसवली होती.

"हिची पानं निसटत्यात," ते म्हणाले. "तिकडं हरवायची. आन तिथं मोठी घ्यायचीच हाय." कामाचे शब्द त्यांनी वहीत आधीच उतरवून घेतले होते. मला त्यांनी परत फळीवर ठेवलं, वरून थोपटलं, आणि गेले.

ज्या वहीनं माझंच रक्त पिऊन अंग धरलं, ती विमानात बसली. मी केडगावात. त्या दिवसांत मी काय काय चिंतलं ते सांगत नाही. तीनही दुकानं बंद असू देत, एवढं तरी नक्की.

आठवडाभर घर शांत होतं. मग एका दुपारी भागिरथीबाई फळीजवळ आल्या. त्यांनी मला याआधी फक्त धूळ झटकायला हात लावला होता. चष्मा चढवून त्या उंबऱ्यात बसल्या, मला उलटंसुलटं करून पाहिलं.

"चल," त्या मला म्हणाल्या. "तुलाबी टाकून गेला, मलाबी."

त्यांना रशियन वाचता येत नव्हतं, इंग्रजीही नाही. त्या फक्त पेन्सिलीचं वाचत होत्या. 'मलाको, दूध.' 'वदा, पाणी.' 'दोच्, लेक.' नवऱ्याचं अक्षर त्यांना छापील अक्षरापेक्षा सोपं जायचं. सगळ्या पानांवर बोट फिरवत फिरवत त्या आपल्या कामाचे शब्द वेचायच्या, गहू निवडावेत तसे. उच्चार कॅसेटवर पडताळून बघायच्या. सुईदोरा घेऊन त्यांनी माझी शिवण घातली. गोधडीचा टाका, जाड, पण पक्का.

दिवसाला चार शब्द. शेळीला पाणी दाखवताना 'वदा'. चुलीतल्या जाळाला 'अगोन्'. शेजारच्या कडूबाई कुंपणावरून बघायच्या. एकदा न राहवून म्हणाल्या, "भागिरथे, बरं हाय ना? कोनाशी बोलतीस येकटीच?"

"सुनेशी," भागिरथीबाई म्हणाल्या आणि शेळीला पुढचा शब्द सांगितला.

मला या बाईचा कधी लळा लागेल असं वाटलं नव्हतं. पण रंभाजी माझ्याकडं पुढच्या मोठीची वाट बघत बघायचे. ही बाई माझ्याकडं माझ्यासाठी बघत होती.

जूनमध्ये एका संध्याकाळी किराणा दुकानदार श्रीमंतशेठ पळत आले. आसपास फोन त्यांच्याकडंच होता. "वहिनी, चला, रशियावरून फोन हाय. दहा मिनटात परत लावनारेत." भागिरथीबाईंनी पदर खोचला, मला मुठीत धरलं आणि निघाल्या. दुकानात पोत्यावर बसल्या. फोन वाजला. पलीकडून रंभाजी.

"हॅलो, ऐकू येतंय का? मी खुशाल हाय. मॉस्कोतली दोनी दुकानं गेली. एकात आता कपडे धुवायची मशिनं इकत्यात. दुसऱ्यात निस्तं इंग्लिश आन जर्मन. पण हितल्या दुकानात घावली! म्हातारी बाई हाय तिथं, तळघरातून काढून दिली. रशियन-हिंदी, लई जाड हाय. नागरीत हाय सगळं."

म्हणजे घावली. मी मुठीत होते, भागिरथीबाईंची मूठ घामेजली होती. दोघींपैकी कुणाला जास्त लागलं, सांगता येणार नाही.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "अन्याला द्या."

"अगं, तिला मराठी न्हाई येत. मी सांगतो काय सांगायचं ते."

"तुमी द्या तिला."

फोनमध्ये खडखड झाली. मग एक बारीक आवाज. भागिरथीबाईंनी डोळे मिटले. मला उघडायची त्यांना गरज पडली नाही.

"अन्या," त्या म्हणाल्या. "बाबुश्का स्कुचायेत."

बाबुश्का, म्हणजे आजी, तिला आठवण येते. मग पोर ओरडली, इतकी मोठ्यानं की श्रीमंतशेठलाही ऐकू गेलं. "बाबुश्का! प्रियेझ्झाय!"

तो शब्द माझ्या एकशे चाळिसाव्या पानावर आहे. समासात रंभाजींनी लिहिलंय, 'येणे'. भागिरथीबाईंना तो ठाऊक होता. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या फोनला मान हलवत होत्या. "दा," त्या म्हणाल्या. "दा, दा, दा." हो, हो, हो.

मग परत रंभाजी आले. त्यांचा आवाज बदलला होता. "अगं, कोनी शिकवलं तुला?"

"तुमच्या टाकून दिलेलीनं," भागिरथीबाई म्हणाल्या. फोन ठेवून दिला.

रंभाजी जुलैत परतले. पिशवीतून त्यांनी ती काढली. लाल कापडी बांधणी, सोनेरी अक्षरं, विटेएवढी जाड. तिला वरच्या फळीवर बसवलं. त्यांनी तिच्यात पहिला शब्द कोणता पाहिला असेल? 'स्कुचात्'. दोन्ही अर्थ होते. वर उदाहरणंही होती. मी खालच्या फळीवरून ऐकत होते आणि अजूनही, खरं सांगते, मला तिचं पान न् पान फाडावंसं वाटत होतं.

पण त्याच दिवशी जेवताना रंभाजी बायकोकडं न बघता म्हणाले, "तुझा पासपोर्टाचा अर्ज आनलाय. सही करायची तेवढी राह्यली." भागिरथीबाईंनी भाकरी वाढली. मग म्हणाल्या, "आधी त्यांना हिकडं बोलवा. मला माझ्या उंबऱ्यात बघायचीय ती."

ती आली १९९८ च्या जूनमध्ये, संदीप-नीनासोबत. अन्या सात वर्षांची, गुडघे खरचटलेले, वेण्या पिंगट. केडगावच्या उन्हानं दोन दिवसांत लाल झाली. तिनं घरातल्या सगळ्या वस्तू पाहिल्या आणि शेवटी माझ्यापाशी येऊन थांबली. लाल सोनेरी मोठीकडं तिनं ढुंकूनही पाहिलं नाही, हे मुद्दाम सांगते. तिला माझी पेन्सिलीची अक्षरं आवडली. जाड टाके आवडले. आठ दिवस ती मला घेऊन हिंडली आणि मग संदीपनं तिचं म्हणणं सांगितलं, "आई, तिला ही घेऊन जायचीय."

"द्या की," रंभाजी म्हणाले. "आपल्याकडं मोठी हाय."

मला वाटलं, संपलं. परत टाकणार मला, या वेळी आणखी लांब.

भागिरथीबाईंनी मला पोरीच्या हातातून काढून घेतलं. एवढ्या लाडक्या नातीच्या हातातून. आणि छातीशी धरलं.

"मोठी तुमची," त्या म्हणाल्या. "ही माझी हाय. देनार न्हाई."

"अगं, लेकरू हाय."

"हाय तर बसावं माझ्यापाशी. वही आना एक. लिहून घिऊ दे."

मला आयुष्यभर कुणाचा ना कुणाचा हेवा वाटला. माझ्यासाठी कुणी असं अडून बसलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

मग रोज सकाळी ओट्यावर पोतं पडायचं. आजी मला धरायची, पोर वहीत उतरवायची. आधी ती रशियन लिहायची, मग पेन्सिलीचं मराठी बघून बघून नागरी अक्षरं काढायची. 'भ' तिला महिनाभर जमला नाही. 'ळ' तिनं पहिल्या दिवशी काढला. शेजारी बसून रंभाजी लाल मोठीत बघून दुरुस्त्या सुचवायचे, आणि दोघी एकदम म्हणायच्या, "न्हाई."

जायच्या दिवशी जीप दारात उभी होती. नीना भागिरथीबाईंच्या पाया पडली, मग त्यांच्या गळ्यात पडली. अन्यानं आपली वही रंभाजींना दाखवली. कव्हरवर तिनं कुणाला न विचारता, मोठ्या अक्षरात लिहिलं होतं:

'ही माझी हाय. देनार न्हाई.'

रंभाजींनी पेन काढलं. "बाळा, 'आहे' लिहायचं. आन 'देणार', बाणाचा ण."

"राहू द्या," भागिरथीबाई म्हणाल्या. "बराबर हाय."

जीप गेली. संदीप वर्षानं परत येणार आहे, आणि त्याच्यासोबत भागिरथीबाई जाणार आहेत. पासपोर्ट आलाय. मी त्यांच्या पिशवीत असेन, त्यांनी तसं कडूबाईंना सांगितलंय, मी ऐकलंय. माझी पानं आता पिवळी पडली आहेत, कोपरे झिजलेत, तरी शिवण पक्की आहे. तुमच्या घरी दोन डिक्शनऱ्या असतील तर एवढं करा, त्यांना शेजारी शेजारी ठेवू नका. आम्हाला त्रास होतो.

अन्याच्या त्या वहीचा हेवा वाटतो का, असं विचाराल. वाटतो. ती माझ्या आधी बर्फ बघेल.